लेख निम्म्यात अडकलाय? उलट्या दिशेने तपासत या

गणपती बसले की माझा फोन वाजायला लागतो. नाशिकमधून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी गेली चौदा वर्षं लेख वाचते, दुरुस्त करते, लेखकांच्या मागे लागते. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं : "ताई, निम्मा झालाय, पण पुढे सरकतच नाहीये." बोलणारे कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून रात्री लिहिणारा तरुण, कधी पहिल्यांदाच लिहिणारी कुणी गृहिणी. दर तीन-चार लेखांमागे एकदा मी स्वतःही तिथेच अडकते.

इतक्या वेळा हा बिघाड काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. लेख ज्या ओळीवर थांबतो, त्या ओळीत दोष क्वचित सापडतो. दोष मागे असतो. माझ्या भावाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. ओळीतल्या शेवटच्या वेलींना पाणी पोचेनासं झालं तर तो त्या वेलींपाशी ताटकळत नाही. आधी लॅटरलचं, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीचं, टोक उघडून गाळ काढतो, मग थेंब सोडणारे ड्रिपर बघतो, मग जाळीचा फिल्टर धुतो, मग व्हॉल्व्ह. मोटरला हात सगळ्यात शेवटी, कारण मोटर उचलायची तर माणसं लागतात आणि दिवस जातो. लेखाचंही मी याच क्रमाने करते. स्वस्तातलं आधी, महागातलं शेवटी.

लक्षणं

यातली तीन-चार जुळली तर तुमचा बिघाड हाच आहे :

- पाच-सातशे शब्द झालेत. पहिला परिच्छेद पाच वेळा बदलून झालाय, शेवटचा एकदाही नीट वाचलेला नाही.
- फाइल उघडली की हात आपोआप वर जातो आणि पुन्हा सुरुवातच घासली जाते.
- शेवटचं वाक्य 'त्यामुळे', 'मात्र' किंवा 'एकूणच' या शब्दापाशी येऊन तसंच उभं आहे.
- सुरुवातीला माणसं, जागा, वस्तू होत्या. आता 'अनन्यसाधारण महत्त्व', 'काळाची गरज', 'विविध उपक्रम' असली वाक्यं उतरायला लागली आहेत.
- अजून एक पुस्तक चाळलं, अजून एक व्हिडिओ पाहिला की सुचेल, असं वाटतंय. टिपणांची वही भरतेय, लेख तिथेच आहे.
- लेख कशावर आहे असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात.

यातलं चौथं लक्षण सगळ्यात भरवशाचं. सांगण्यासारखं संपलेलं असतं, पण हात चालूच असतो, तेव्हा अशी वाक्यं येतात. ती दिसली की लगेच लिहिणं थांबवा. तशी आणखी चार वाक्यं लिहिलीत तर नंतर तीही उपसावी लागतील.

ज्यांना पहिली ओळच सुचत नाही किंवा ज्यांनी वर्षभरात काहीच लिहिलेलं नाही, त्यांचा त्रास वेगळा आहे. त्यांनी शेवटचा भाग मात्र वाचावा.

१. आधी झोप, पाणी, पाय

वाचायला फार साधं वाटेल, पण मला येणाऱ्या फोनपैकी बरेचसे रात्री साडेअकरानंतरचे असतात. दिवसभर नोकरी, संध्याकाळी घर, आणि मग लेख. त्या वेळी लेख नेमका कुठे बिघडलाय हे डोक्याला दिसतच नाही. सगळंच टाकाऊ वाटतं, आणि माणूस चांगला परिच्छेद पुसून मोकळा होतो. म्हणून पहिला नियम : रात्री दहानंतर अडकलेल्या लेखातला एक शब्दही खोडायचा नाही.

सकाळी अर्धा तास चाला. मी कृषीनगरच्या ट्रॅकवर जाते, तुम्ही गल्लीत फिरा. फोन घरी ठेवा. कानात काही वाजत असलं तर डोकं लेखाकडे वळत नाही.

चालून आल्यावरही गाडी तिथेच असेल तर पुढे.

२. पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा

दहा मिनिटांचं काम. खरोखर आवाज काढून वाचायचं, पुटपुटायचं नाही. हातात पेन्सिल ठेवा आणि तीनच खुणा करा : जीभ अडखळली तिथे एक, स्वतःलाच कंटाळा आला तिथे दुसरी, 'हे पुढे बघू' असं वाचकाला आश्वासन दिलंय तिथे तिसरी.

डोळे जे सहज ओलांडून जातात ते जिभेला ओलांडता येत नाही, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. कंटाळ्याची खूण बहुतेक वेळा तुम्ही थांबलात त्याच्या दोन-तीन परिच्छेद आधी सापडते. लेख खरा तिथेच थांबलेला होता, त्यापुढचं तुम्ही नेटाने ओढलंत. तो ओढलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि खुणेच्या जागेपासून पुन्हा सुरू करा. माझ्याकडचे बरेच लेख इथेच सुटतात.

तिसरी खूणही मोजा. एकाने दुसऱ्याच परिच्छेदात चार गोष्टी 'पुढे सविस्तर' सांगायचं कबूल केलं होतं. त्या चार आश्वासनांच्या ओझ्याखाली लेख दबला होता. तीन आश्वासनं खोडली आणि त्याच संध्याकाळी लेख पुरा झाला.

३. एका वाक्यात सांगून बघा

घरातल्या कुणालातरी सांगा किंवा कागदावर लिहा : 'हा लेख वाचून झाल्यावर वाचकाला अमुक कळेल.' त्या वाक्यात 'आणि' आला तर जपून. मागे एक लेख आला होता, जुन्या नाशिकातल्या रंगपंचमीच्या रहाडींवर, म्हणजे जमिनीतल्या दगडी हौदांवर. पेशवेकाळापासूनची प्रथा, वर्षभर बुजवलेली रहाड रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात, लोक त्यात उड्या घेतात. पहिला निम्मा भाग सुरेख. मग लेखिका थांबली. फोनवर तिचं वाक्य असं निघालं : 'रहाडी कशा उघडतात ते कळेल आणि आमची गल्ली कशी रिकामी होत गेली ते कळेल.' हे दोन लेख होते. एक सणाचा, एक घरं सोडून गंगापूर रोडकडे गेलेल्या शेजाऱ्यांचा. पहिल्याने दुसऱ्याला वाट दिली नव्हती. तिने रहाडीचा लेख त्या वर्षी दिला, गल्लीचा पुढच्या.

४. अडलेली जागा मोकळी सोडा

आकडा आठवत नाही, नाव नक्की नाही, उदाहरण सुचत नाही. तिथे फुली मारा, 'इथे साल' असं लिहा आणि जो भाग पाठ आहे तो लिहायला घ्या. शेवट डोळ्यांसमोर असेल तर शेवट लिहा. लेख वरून खाली वाचला जातो, पण त्याच क्रमाने लिहायला हवा असं कुणी सांगितलेलं नाही. छापायला देण्याआधी फुल्या शोधून भरायच्या, एवढंच लक्षात ठेवा.

५. माहिती संपली आहे का?

आतापर्यंतचे उपाय बसल्या जागी होणारे होते. इथून पुढे चप्पल घालावी लागते. माझ्या अनुभवात चांगल्या लेखकांचे लेख सगळ्यात जास्त इथेच अडतात, आणि त्यांना वाटत असतं की शब्द सुचत नाहीयेत. शब्द त्यांच्याकडे भरपूर असतात. सांगायची पुढची गोष्टच ठाऊक नसते.

एका मुलाने गोदावरीच्या पुरावर लिहायला घेतलं होतं. सुरुवात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीपासून. नाशिकच्या माणसाला पूर क्युसेकमध्ये नंतर कळतो, आधी तो विचारतो की मारुतीच्या कुठे पाणी आलं. गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला. पुढे घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा, मग १९६९, २००८ आणि २०१६ चे पूर. साडेसहाशे शब्द झाले, आणि नंतरचं वाक्य : 'या पुरांमुळे नागरिकांचे मोठे नुकसान झाले.' तिथे तो आठ दिवस थांबला होता.

मी त्याला म्हटलं, लिहू नकोस, प्रश्न काढ. तुला स्वतःला काय माहीत नाही ते कागदावर उतरव. अर्ध्या तासात अकरा प्रश्न निघाले. धरणातून पाणी सोडल्याचं घाटावर कुणाला आधी कळतं? शहरात पडलेला पाऊस आणि गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी यांचा हिशेब वेगळा कसा लावतात? सराफ बाजारातला दुकानदार माल उचलायला नेमका कधी लागतो? आधी काय उचलतो? ओसरल्यावर चिखल काढायला किती दिवस लागतात? त्याने लिहिलेलं 'मोठे नुकसान' या सगळ्या प्रश्नांवर टाकलेलं पांघरूण होतं.

तो दोन सकाळी घाटावर आणि बाजारात गेला. एका जुन्या दुकानदाराने त्याला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. कोणत्या फळीवर काय ठेवायचं हे त्या खुणेवरून ठरतं, हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी लेख एका बैठकीत झाला. त्यातला फळ्यांचा परिच्छेद मला अजून आठवतो.

तेव्हा प्रश्नांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा की उत्तर माणसाकडे आहे, जागेवर आहे की कागदात. माणसाला फोन करा, जागेवर जा. कागदासाठी सार्वजनिक वाचनालय गाठा. १८४० पासून चालत आलेली ही संस्था गावात असताना फक्त मोबाइलवर शोधत राहणं मला पटत नाही. जुन्या नाशिकवर लिहिणाऱ्यांनी १८८३ चं जिल्हा गॅझेटियर एकदा तरी बघावं. पिकं, घाट, देवळं, रस्ते यांची त्या काळची नोंद त्यात सापडते. मात्र एक मर्यादा घाला. यादीतल्या प्रश्नांचीच उत्तरं आणायची. यादी नसताना वाचत राहिलात तर वही भरेल आणि लेख होता तिथेच राहील.

हल्ली काही जण ही भोकं एआयच्या यंत्राकडून बुजवून घेतात. अडलेला लेख त्यात टाकायचा आणि मधले चार परिच्छेद मागायचे. माझ्याकडे असे लेख येतात आणि कुठून कुठपर्यंत भरलंय ते मला दिसतं, कारण 'मोठे नुकसान' हेच तिथे दहा वाक्यांत परत आलेलं असतं. फळीवरचा माल कुणी उचलला हे तिथे जाऊनच कळतं.

६. डोक्यात बसलेले नियम

या बिघाडाचा अभ्यासही झालेला आहे. कॅलिफोर्नियातले शिक्षक माइक रोज यांनी दहा विद्यार्थी कसे लिहितात ते जवळून पाहिलं, तो अभ्यास १९८० साली छापून आला. पाच जण वारंवार अडकणारे होते, पाच सहज लिहिणारे. अडकणाऱ्यांच्या डोक्यात लिखाणाचे नियम फार ताठ असल्याचं त्यांना आढळलं. सुरुवात अशीच हवी, मुद्दे इतकेच हवेत, आराखडा ठरला की बदलायचा नाही. सहज लिहिणाऱ्यांकडेही नियम होते, पण अडलं की ते नियम बाजूला ठेवत.

आपल्याकडचे ताठ नियम कोणते? 'सुरुवात सुभाषिताने करावी.' 'बोलीतले शब्द छापील मजकुरात शोभत नाहीत.' 'लेखात "मी" हा शब्द येऊ नये.' शाळेतल्या निबंधाचे हे नियम चाळिशीतही सुटत नाहीत.

दिंडोरीकडचे एक बागायतदार गोडी छाटणीवर लिहीत होते. ऑक्टोबरातली ती छाटणी, जिच्यावर अख्खं पीक ठरतं. माणसाने आयुष्यभर केलेलं काम, आणि लेखात वाक्य असं : 'द्राक्षवेलीच्या शाखांची कर्तनप्रक्रिया अत्यंत दक्षतापूर्वक करणे आवश्यक असते.' चौथ्या परिच्छेदात ते थांबले. मी म्हटलं, दादा, पेठ-सुरगाण्याकडून टोळी आलीय, त्यात एक पोरगा नवा आहे, त्याच्या हातात पहिल्यांदा कात्री दिलीत. त्याला काय सांगाल? ते वीस मिनिटं बोलले. काडी कशी बघायची, काडीवरच्या कितव्या डोळ्यावर, म्हणजे कोंबावर, कात्री लावायची, जाड काडी आणि बारीक काडी यांचा हिशेब वेगळा का, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावताना हात कुठे जपायचा. मी ते रेकॉर्ड केलं आणि त्यांना परत पाठवलं. त्यांनी तेच उतरवून काढलं, थोडं नीटनेटकं केलं. अंकातला तो सगळ्यात वाचला गेलेला लेख.

तुम्हीही फोनमध्ये बोलून मजकूर टाइप करा. मराठी आता बऱ्यापैकी उमटतं, चुका नंतर काढता येतात. बोलताना 'कर्तनप्रक्रिया' तोंडात येत नाही, म्हणून ही तपासणी कामाची.

७. चिठ्ठ्या करून मांडा

आता निम्मा दिवस लागेल. लेखातल्या प्रत्येक परिच्छेदासाठी एक चिठ्ठी घ्या आणि तो परिच्छेद काय सांगतो ते सात-आठ शब्दांत लिहा. चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने लावा. ज्या परिच्छेदासाठी चिठ्ठी लिहिता येत नाही तो काही सांगतच नाहीये, त्याला उचला. दोन चिठ्ठ्या सारख्या निघाल्या तर एक परिच्छेद जाईल. मग क्रम बदलून बघा. कितीतरी लेखांत तिसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी पहिली लावली की पुढची वाट दिसते.

इथे एक दुखरी गोष्ट होते. जागा अडवून बसलेला परिच्छेद बऱ्याचदा तुमचा सगळ्यात आवडता असतो. त्यालाच जागा द्यायला बाकीचा लेख वाकलेला असतो. तो पुसू नका, 'शिल्लक' नावाच्या फाइलमध्ये ठेवा. माझ्या शिल्लक फाइलमधून आजवर दोन स्वतंत्र लेख निघालेत.

८. तुमचं मतच बदललंय का?

सगळ्यात महाग दुरुस्ती. इथपर्यंत फार थोडे लेख येतात.

जुन्या नाशिकातले वाडे जपले पाहिजेत, असा लेख मी काही वर्षांपूर्वी लिहायला घेतला होता. लाकडी खांब, चौक, कोरीव तुळया, सगळं प्रेमाने लिहिलं. मग एका वाड्यात राहणाऱ्या मावशींकडे गेले. पावसाळ्यात कुठल्या खोलीत किती बादल्या लावाव्या लागतात, ते त्यांनी फिरून दाखवलं. मागच्या भिंतीला टेकू दिलेला होता. मालक आणि भाडेकरू यांच्या वादात दुरुस्ती कित्येक वर्षं रखडलेली. रात्री जोराचा पाऊस लागला की त्या कपडे घालून, पिशवी भरून दाराशी बसून राहतात. घरी येऊन मी पुढचं वाक्य लिहायला बसले आणि तीन आठवडे एक ओळ आली नाही. वरच्या सातही तपासण्या केल्या, उपयोग शून्य.

मी जे लिहीत होते ते मला आता खरं वाटत नव्हतं, हे कबूल करायला तीन आठवडे लागले. लेख पुढे जात नव्हता कारण मी त्याला मावशींच्या दाराकडे न बघता पुढे न्यायला बघत होते. शेवटी पहिले नऊशे शब्द बाजूला ठेवले आणि त्या पिशवीपासून सुरुवात केली. वाडे जपावेत असं मला आजही वाटतं. फक्त आत राहणाऱ्या माणसाला सोडून ते लिहिता येत नाही.

तुमचं असं झालं असेल तर दोनच रस्ते आहेत : बदललेलं मत लिहा, नाहीतर लेख सोडा. जुनं मत रेटून पूर्ण केलेला लेख वाचकाला पोकळ लागतो आणि तुम्हाला छापून आल्यावरही टोचत राहतो.

थांबून दुसऱ्याला कधी बोलवायचं

मोटरचं वाइंडिंग जळलं असेल तर भाऊ स्वतः उघडत नाही, रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. लेखाच्या बाबतीतही अशा जागा आहेत.

संपादकाला : मुदतीच्या आठ दिवस आधी लेख निम्म्यावर असेल तर फोन करा. लाजू नका. अंक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापला जातो. आधी कळलं तर मी चार पानं इकडची तिकडे करू शकते, लेख छोटा करून घेऊ शकते, किंवा सोबत बसून चिठ्ठ्या मांडू शकते. आदल्या रात्री कळलं तर माझ्या हातात काही उरत नाही.

जाणकाराला : औषधोपचार, कायदा, जमिनीची कागदपत्रं यांवर लिहिताना शंकेपाशी अडला असाल तर अंदाजाने पुढे जाऊ नका, डॉक्टरांना किंवा वकिलाला तेवढा परिच्छेद दाखवा. हयात माणसाचं नाव घेऊन आरोप करत असाल तर वकिलाने पाहिल्याशिवाय लेख पाठवूच नका.

डॉक्टरांना : मनगट दुखतंय, बोटांना मुंग्या येतात, पडद्याकडे बघून डोकं ठणकतं, अशा वेळी लेखात दोष शोधण्यात अर्थ नाही.

आणि हे नीट वाचा. दोन आठवडे उलटून गेले, लेखच काय पण कशातच मन लागत नाही, झोप उडालीय किंवा दिवसभर उठवत नाही, जेवण जात नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असं सारखं वाटतंय, तर वरची एकही तपासणी करू नका. हा लेखाचा बिघाड नव्हे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर आत्ताच फोन करा आणि घरातल्या कुणालातरी जवळ बसवून घ्या.

मागच्या वर्षी एका लेखकाचा नेहमीचाच फोन आला, निम्मा झालाय म्हणून. बोलता बोलता कळलं की तो महिनाभर नीट झोपलेला नाही. त्या दिवशी आम्ही लेखाचं काहीच बोललो नाही. त्याच्या भावाला फोन करून दोघांना डॉक्टरांकडे पाठवलं. तो आता बरा आहे. त्याचे पाचशे शब्द माझ्याकडे जपून ठेवलेत, आणि या अंकात त्याच्यासाठी सहा पानं धरली आहेत. नाही जमलं तर पुढच्या अंकात धरीन.